अंगणातील पक्ष्यांची हिवाळी गणना

घराच्या अंगणात, परसात व लगतच्या झाडांवर हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांची ठराविक वेळी आणि ठराविक पद्धतीने केलेली नोंद. सामान्य पक्ष्यांच्या संख्येत कालांतराने होणारे चढउतार जाणणे, हा तिचा प्रमुख हेतू होय.

अमेरिकेत फ्रँक चॅपमन या पक्षिवैज्ञानिकाने १९०० मध्ये नाताळच्या दिवशी पक्ष्यांची शिकार करण्याऐवजी ते मोजण्याची प्रथा सुरू केली. थंड प्रदेशांत बर्फामुळे अन्न दुर्मिळ होते व पक्षी घराजवळील अन्नपात्रांकडे आकर्षित होतात. तेथे त्यांची मोजणी सोपी असते. कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात १९७६ पासून अशी गणना होऊ लागली. फेब्रुवारीत चार दिवस चालणारी परसातील पक्षिगणना अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झाली. भारतातील निरीक्षक तीत २०१३ पासून भाग घेतात.

महाराष्ट्रातील परिस्थिती वेगळी आहे. पर्जन्यछायेतील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात हिवाळा हा रब्बी ज्वारीचा हंगाम असतो. कणसांत दाणे भरले की भोरड्यांचे थवे शेतांवर उतरतात व शेतकरी माळ्यावरून गोफणीने ती पाखरे हाकलतात. शिवारात दाणे मुबलक असल्याने या काळात धान्यपात्रापेक्षा पाण्याचे उथळ मातीचे भांडे पक्ष्यांना अधिक आकर्षित करते. चिमणी, साळुंकी, बुलबुल, होला, सातभाई, दयाळ, शिंपी व शिंजीर हे अंगणातील नेहमीचे पक्षी असून धोबी व थिरथिरा हे हिवाळी पाहुणे त्यांत भर घालतात.

गणनेसाठी एकच जागा व शक्यतो सकाळची तीच वेळ निवडतात. किमान १५ मिनिटे निरीक्षण करून प्रत्येक जातीचे पक्षी मोजतात. भांड्यावर तोच पक्षी पुन्हापुन्हा येत असल्याने प्रत्येक खेपेची बेरीज करीत नाहीत. एका वेळी दिसलेली सर्वाधिक संख्या नोंदवितात. तारीख, वेळ व कालावधी यांची नोंद आवश्यक असते. एखादी जात न दिसणे, हीही उपयुक्त माहिती ठरते. मात्र भांड्यावरील संख्येवरून परिसरातील एकूण संख्या काढता येत नाही. तुलना त्याच जागेच्या निरनिराळ्या वर्षांतील नोंदींची करावयाची असते.

दुर्मिळ पक्ष्यांकडे शासकीय यंत्रणेचे लक्ष असते. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य घोषित झाले व त्याच्या गणनेतून त्याची घट स्पष्ट होत गेली. सामान्य पक्ष्यांच्या बाबतीत मात्र जुन्या नोंदी तुरळक आढळतात. चिमण्या नाहीशा होत असल्याची समजूत सर्वत्र पसरली, तेव्हा तिची शहानिशा करण्यास पुरेशी आकडेवारी नव्हती. पुढे हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२० मधील राष्ट्रीय अहवालात देशातील चिमण्यांची संख्या एकंदरीत स्थिर, परंतु मोठ्या शहरांत घटलेली आढळली. सरसकट समजूत व प्रत्यक्ष स्थिती यांतील हा फरक नोंदींमुळेच कळू शकला. एका अंगणाची एका दिवसाची नोंद फारसे काही सांगत नाही. अनेक अंगणांतील अनेक वर्षांच्या नोंदींतून मात्र घट वेळीच ध्यानात येते आणि तिची कारणे शोधून उपाय योजता येतात.