कॉम्प्युटर 'फॅक्टरी रिसेट' मारण्याआधी: मामाच्या दुकानात शिकलेला धडा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. विषय आहे डेस्कटॉप कॉम्प्युटर फॅक्टरी सेटिंगवर नेणं. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

मागच्या दिवाळीत गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याला मामाकडे गेलो होतो. मामाचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. याच तालुक्यातलं मेंढा-लेखा हे २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. आजूबाजूच्या ग्रामसभांचे दावे, ठराव, पत्रं मामाच टाइप करून देतो. कॉम्प्युटर मात्र सुरू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा. मी बी.टेक., सॉफ्टवेअरवाला. म्हटलं, "मामा, रिसेट मारून देतो, नव्यासारखा होईल."

रस्ता सोपा आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, मग 'रिसेट पीसी'. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, 'अपडेट अँड सिक्युरिटी', रिकव्हरी. विंडोज नीट उघडतच नसेल, तर लॉगिनच्या स्क्रीनवर शिफ्ट दाबून धरा, रीस्टार्ट करा आणि 'ट्रबलशूट'मध्ये जा.

पुढे दोन प्रश्न येतात. पहिला: 'कीप माय फाइल्स' की 'रिमूव्ह एव्हरीथिंग'? मशीन विकायचं असेल तर दुसरा पर्याय, आणि त्यात डेटा साफ करायची सेटिंगही चालू करा. घरीच वापरायचं असेल तर पहिला. दुसरा प्रश्न: 'क्लाउड डाउनलोड' की 'लोकल रिइन्स्टॉल'? क्लाउडला ४ जीबीपेक्षा जास्त डेटा लागू शकतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर लोकलच निवडा. आणि यूपीएस हवाच. शेजारच्या चंद्रपुरात २९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, तरी आपल्याकडची लाइन कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि रिसेट अर्ध्यात तुटला तर विंडोज सुरूच न होण्याची भीती असते.

मी 'कीप माय फाइल्स' निवडलं. रिसेट झाला, मशीन पळायला लागलं. वर्ड पुन्हा टाकलं, ग्रामसभेची फाइल उघडली. मामा म्हणाला, "काऊन रे बाबू, हे इंग्रजी कायचं आलं?"

सगळं पान इंग्रजी अक्षरांनी भरलं होतं. कुठलाच शब्द लागेना. दहा वर्षांचे ठराव!

झालं काय होतं? मामा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप करतो. या जुन्या फॉन्टमध्ये 'राम' लिहिलं, तर फाइलमध्ये खरं तर 'जे, के, ई' ही इंग्रजी अक्षरं साठतात. त्यांना र, काना आणि म असं रूप देतो तो फॉन्ट. 'कीप माय फाइल्स' तुमच्या फाइल्स ठेवतं, पण बाहेरून टाकलेले प्रोग्राम आणि फॉन्ट काढून टाकतं. म्हणजे मजकूर जागेवर होता, तो दाखवणारा चष्मा मी फेकला होता.

शेजारच्या टायपिंगवाल्याकडून पेनड्राइव्हवर फॉन्ट आणला, राइट क्लिक करून इन्स्टॉल केला, आणि ठराव परत दिसले. पण तोवरचे दोन तास मामा एक शब्द बोलला नव्हता.

आपण फोनवाली पिढी. फोन रिसेट केला की अकाउंट टाकताच कॉन्टॅक्ट, फोटो परत येतात, कारण ते आधीच दुसरीकडे ठेवलेले असतात. दुकानातल्या डेस्कटॉपचं तसं नसतं. बऱ्याच गोष्टी फक्त त्या एका डब्यात असतात. म्हणून बटण दाबण्याआधी एवढं करा:

१. सगळ्या फाइल्स पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.
२. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरमधून मराठी फॉन्ट कॉपी करा. महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ बनवा; त्यात फॉन्ट सहसा सोबतच जातो.
३. प्रिंटरचा ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअरच्या लायसन्स की लिहून ठेवा. काढलेल्या प्रोग्रामची यादी विंडोज डेस्कटॉपवर ठेवतं, पण की देत नाही.
४. बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधा.

अजून एक. विंडोज १० रिसेट केल्यावर विंडोज १०च मिळतं, आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. हार्ड डिस्कच खराब होत असेल, तर रिसेटने ती सुधारत नाही.

आता मी मामाच्या फाइल्स हळूहळू युनिकोडमध्ये बदलतोय, म्हणजे त्या कुठल्याही फोनवर वाचता येतील. कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफार चुकवतो, म्हणून मामा प्रत्येक पान मूळ प्रतीशी ताडून बघतो. वनहक्काच्या कागदात गावाचं नाव चुकून कसं चालेल?

तुमच्या घरच्या, दुकानातल्या कॉम्प्युटरवर कुठला फॉन्ट आहे, ते आजच बघा. भेटू पुढच्या भागात!