चर्चच्या वहीत नाव

बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसरबीडचा माणूस दुसरबीडचा कशावरून? घर गावठाणात, शेत शिवारात, नाव मतदारयादीत. त्यासाठी कुणाला दीक्षा घ्यावी लागत नाही. चर्चचे सभासद होणे मात्र याच्या अगदी उलट, म्हणजे श्रद्धेचा आणि निवडीचा मामला, असे आपण धरून चालतो. म्हणूनच अँग्लिकन पंथाच्या मायभूमीत, इंग्लंडात, ही गोष्ट आधी शिवेवरून ठरते हे कळले की नवल वाटते.

चर्च ऑफ इंग्लंडने देशाची वाटणी सुमारे साडेबारा हजार पॅरिशांत केली आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चचे शिवार. त्या हद्दीत राहणारा तो तिथला ‘पॅरिशनर’, मग तो रविवारी उपासनेला येवो न येवो. बाप्तिस्मा न झालेल्या रहिवाशालाही आपल्या पॅरिशच्या चर्चमध्ये लग्न लावून घेण्याचा हक्क आहे. चर्चची दफनभूमी चालू असेल तर तिथे मूठमातीचाही.

कारभारात मत द्यायचे असेल तर मात्र वेगळी यादी लागते. वय १६ पूर्ण हवे, बाप्तिस्मा झालेला हवा, आणि एक तर हद्दीत राहायला हवे, नाही तर सहा महिने नेमाने उपासनेला येत असायला हवे. ही यादी दर सहा वर्षांनी रद्द होते आणि कोऱ्या कागदावर पुन्हा सुरू होते. २०१९ मध्ये तशी झाली, २०२५ मध्ये परत झाली. चाळीस वर्षे पहिल्या बाकावर बसणाऱ्या आजीबाईंनाही फॉर्म भरावाच लागतो. आपल्या सहकारी संस्थांना हा नियम लावला तर काय गंमत होईल!

दुसरबीडच्या माणसासाठी असे आयते अँग्लिकन शिवार आखलेले नाही. बुलढाणा, खामगाव, अकोला या वऱ्हाडी पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले ते अमेरिकेतले अलायन्स मिशन. ते अँग्लिकन नव्हे. पश्चिमेला जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभी केली, पण ते स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेतले. अँग्लिकनांचे मोठे ठाणे दूर, नागपूरला होते.

आणि नागपुरातच ‘अँग्लिकन’ या नावावर पडदा पडला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था विलीन झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, जन्माला आली. त्यांत अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल यांची आधीच झालेली जोडी होती, मेथडिस्ट होते, बाप्टिस्ट होते, ब्रदरन होते आणि डिसायपल्सही होते. यातले काही तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे, तर काही जाणत्या माणसालाच द्यावा असे मानणारे. सीएनआयने दोन्ही रीती चालू ठेवल्या. आजही ही संस्था जगभरच्या अँग्लिकन परिवाराची पूर्ण सदस्य आहे, मेथडिस्टांच्या जागतिक परिषदेतही आहे. दुसरबीडचा कुणी उद्या सीएनआयच्या मंडळीत सामील झाला, तर तो अँग्लिकन परिवारात आपोआप जाईल, पाटीवर तो शब्द नसला तरी.

सामील होण्याची वाट पाण्यापासून सुरू होते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा होतो. बाळ असेल तर वचने धर्ममाता-धर्मपिता देतात. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. दुसऱ्या पंथात विधिपूर्वक झाला असेल तर तो पुन्हा करत नाहीत, दाखला पुरतो. मग शिकवणीचा काळ येतो: मतांगीकार म्हणजे श्रद्धेची कबुली, प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा. शेवटी दृढीकरण. बाळपणी दुसऱ्यांनी दिलेले वचन माणूस आता स्वतःच्या तोंडाने देतो आणि अँग्लिकन रीतीप्रमाणे बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवतो. या हाताचे महत्त्व मोठे. बिशपवर आधीच्या बिशपांनी हात ठेवलेले, त्यांच्यावर त्यांच्या आधीच्यांनी, आणि ही साखळी थेट प्रेषितांपर्यंत जाते असे ही परंपरा मानते. आपल्याकडे गुरुपरंपरा सांगतात तसेच हे, फक्त कानाऐवजी माथ्यावरून चालणारे. दृढीकरण झालेला माणूस प्रभुभोजनाला बसतो. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात तर वर्षातून किमान तीनदा, त्यात ईस्टरला एकदा, हे भोजन घ्यावेच असा दंडक आहे.

चर्चच्या वहीत नाव चढले की दुसऱ्या वह्यांतही हालचाल होते. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. जातीची वही तर त्याहून तिखट. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे अँग्लिकनांच्याच आवारात, रानडे, टिळक आदी मंडळी व्याख्यानाला गेली. चहा पुढे आला. काहींनी प्याला, काहींनी नुसता हात लावला. गोपाळराव जोशींनी नावे ‘पुणेवैभव’ या वृत्तपत्रात छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी आपण काशीत आधीच घेतल्याचे सांगितले. बाप्तिस्मा कुणाचाच झाला नव्हता, तरी एका कपाने एवढा गदारोळ!

ज्यांचा बाप्तिस्मा खरोखर झाला, त्यांचे काय झाले असेल याचा अंदाज यावरून येतो. नीळकंठ गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. मिशनऱ्यांच्या खंडनासाठी त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. पण वाद घालता घालता तेच डळमळले आणि मार्च १८४८ मध्ये जौनपूर येथे अँग्लिकन मिशनकडून बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले. पुढे ते धर्मगुरूही झाले.

पंडिता रमाबाईंवर याच गोऱ्यांच्या लेखनाचा प्रभाव पडला. १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या मठात उतरल्या आणि २९ सप्टेंबरला, लेक मनोरमेसह, त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवे नाव मेरी रमा. कमी ऐकू येत असल्याने वैद्यकी सुटली, पण बुद्धी कुठे सुटते? त्रैक्याचा सिद्धान्त असो की अथानेशियसचा मतांगीकार, पटल्याशिवाय त्या मान हलवत नव्हत्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्यांनी आपल्या धर्ममातेला, सिस्टर जेराल्डिनला, विचारले. अंडी-मांसाला नकार तर कायमचाच. देवाचे वचन पाळीन, पण त्याचा पाद्रीबुवांनी लावलेला अर्थ डोळे मिटून पाळणार नाही, असा त्यांचा बाणा होता. दोघींच्या पत्रव्यवहारात सिस्टरची माया दिसते आणि हतबलताही. पुढे केडगावला उभारलेले मुक्ती मिशन रमाबाईंनी कुठल्याही एका पंथाच्या दावणीला बांधले नाही.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत आज ३० एप्रिल या तारखेपुढे नाव आहे: पंडिता मेरी रमाबाई. दर सहा वर्षांनी कोरी होणाऱ्या त्या यादीशी या पानाचा संबंध नाही. इथे फॉर्म भरावा लागत नाही.