बालकाची पोटदुखी आणि स्वादुपिंड

पांढुर्णा व सौंसर हा मुलूख जुन्या मध्यप्रांतात होता तेव्हा त्याची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन सरकारी दप्तर भोपाळकडे वळले, पुढे 2023 साली छिंदवाड्यातून वेगळ्या निघालेल्या या दोन तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हाही झाला. परंतु लेकरू गंभीर आजारी पडले म्हणजे येथील मराठी कुटुंबाची वाट आजही बहुधा नागपूरचीच असते. ही वाट केव्हा धरावी, हा निर्णय ज्या आजारांत विशेष कठीण जातो, त्यांपैकी बालकांचा स्वादुपिंडदाह हा एक होय.

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवी पसरलेली स्वादुपिंड ही ग्रंथी जे पाचकरस निर्माण करते, ते ग्रंथीत असेतोवर निष्क्रिय असतात आणि लहान आतड्यात उतरल्यावरच जागृत होतात. काही कारणाने ते आतल्या आतच जागृत झाले, तर ज्या ग्रंथीने त्यांना जन्म दिला तिचेच पचन ते आरंभितात. मोठा मनुष्य वेदना पोटाच्या वरच्या भागात असून पाठीकडे जाते असे सांगू शकतो. तीन वर्षांचे मूल केवळ रडते, ओकते आणि पाय पोटाशी घेते. मग घरात ‘मुरडा असेल’, ‘जंत झाले असतील’ असे म्हटले जाते, आणि हा तर दारू पिणाऱ्यांचा आजार अशी समजूत रूढ असल्यामुळे संशय त्या दिशेला वळतच नाही. वस्तुतः पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार वर्षाला सुमारे दहा हजार मुलांमागे एकाला हा आजार होतो.

मुलांतील कारणे निराळी आहेत. सायकलच्या हँडलचा पोटावर बसलेला मार, गालफुगी, पित्तनलिकेची जन्मजात विकृती, अपस्माराच्या उपचारातील व्हॅल्प्रोएटसारखे औषध, क्वचित पित्तनलिकेत शिरलेला जंत, अशी ती अनेकविध आहेत. परंतु आपल्या भागाच्या दृष्टीने दोन कारणांकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. पहिले सिकलसेलचे: या विकारात रक्तपेशी सतत मोडत राहिल्याने कोवळ्या वयातच पित्तखडे होतात, आणि असा खडा घसरून नलिकेच्या मुखाशी अडकला की स्वादुपिंडाला दाह होऊ शकतो. विदर्भ आणि त्याला लागून असलेला मध्य प्रदेश हा सिकलसेलचा पट्टा आहे, आणि त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी याच राज्यातील शहडोल येथून सुरू झाली. अशा मुलाचे पोट दुखले, तर ‘सिकलसेलचीच कळ’ म्हणून ते सोडून देऊ नये. दुसरे कारण फवारणीच्या औषधांचे: कपाशीच्या आणि संत्र्याच्या या प्रदेशात ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशक पोटात गेल्यास इतर विषबाधेबरोबर स्वादुपिंडालाही इजा पोहोचू शकते.

निदानाची कसोटी आता निश्चित झाली आहे. बालरोगतज्ज्ञांच्या ‘इन्स्पायर’ या आंतरराष्ट्रीय गटाने 2012 साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्येनुसार विशिष्ट प्रकारची पोटदुखी, रक्तातील लायपेज किंवा अमायलेज हे पाचक विकर सामान्य मर्यादेच्या किमान तिप्पट असणे, आणि सोनोग्राफीसारख्या चित्रणात दाहाची चिन्हे दिसणे, या तिहींपैकी दोन गोष्टी आढळल्या की निदान पक्के. यांत लायपेज अधिक विश्वासार्ह. कारण तान्ह्या बालकात अमायलेज मुळातच कमी असते, आणि ते लवकर उतरतेही. नलिकांचे बारकावे पाहण्यास आता एमआरसीपी ही चुंबकीय चित्रण-तपासणी आहे, ज्यात किरणोत्सर्गाचा संपर्क होत नाही.

उपचारांत तर जुना हुकूमच फिरला. ग्रंथीला विश्रांती म्हणून रोग्याला कित्येक दिवस उपाशी ठेवण्याची रीत होती. उत्तर अमेरिकेतील बालपचनरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2018 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार मूल स्थिर असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच तोंडाने किंवा नळीने अन्न सुरू करावे, कारण रिकाम्या आतड्याचे अस्तर दुर्बळ होऊन जंतुसंसर्गाला वाट मिळते. ‘लेकराला खायला द्यायचे का?’ या आजीच्या प्रश्नाला डॉक्टर आता बहुधा होकार देतात. आरंभी शिरेतून द्रव देणे हा उपचाराचा कणा. मात्र प्रौढांवरील 2022 च्या ‘वॉटरफॉल’ चाचणीने अतिरेकी द्रवाने लाभ न होता अपायच वाढतो असे दाखविले. संसर्गाचा पुरावा नसता प्रतिजैविके देण्याचेही कारण नाही; परंतु वेदनाशमन भरपूर करावे, मुलाला कळवळत ठेवू नये.

आजार पुनःपुन्हा उद्भवत असेल तर जनुके तपासतात. पीआरएसएस-1 या जनुकाचा या आजाराशी संबंध 1996 साली उघडकीस आला. भारतातील खड्यांसह होणाऱ्या दीर्घकालीन प्रकाराचा संबंध स्पिंक-1 या जनुकाशी असल्याचे हैदराबादच्या संशोधकांनी 2002 साली दाखविले. नलिकेतले खडे आता बाहेरून दिलेल्या ध्वनिलहरींनी फोडून दुर्बिणीने काढता येतात, आणि ही सोय मुलांनाही उपलब्ध आहे. अगदी असाध्य वेदनेत संपूर्ण ग्रंथी काढून तिच्यातील इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशी त्याच रोग्याच्या यकृतात रोवण्याची शस्त्रक्रिया 1977 साली मिनेसोटात प्रथम झाली. ती मोजक्याच केंद्रांत होते.

दोन झटक्यांच्या दरम्यान मूल पूर्ण बरे झाले होते की नाही, यावर पुनरावर्ती आजाराचे निदान अवलंबून असते. म्हणून पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या दवाखान्यातील प्रत्येक वेळचा कागद, त्यावरील तारीख आणि लायपेजचा आकडा, नागपूरच्या फाईलीत बरोबर गेलाच पाहिजे.