क्लायंट गेला, हे सर्व्हरला कळतं कसं?

सॉकेट प्रोग्रामिंगमध्ये क्लायंटशी बोलणं लवकर जमतं. तो निघून गेला की गाडी अडते. टीसीपी सगळं आपणहून कळवेल, या भरवशावर राहिल्याने बहुतेक चुका होतात. लिनक्सवर सी भाषेत लिहिलेल्या सर्व्हरबाबत हमखास आढळणारे हे चार गैरसमज.

गैरसमज : रिसीव्हने शून्य दिलं, म्हणजे डेटा अजून आलेला नाही.
वस्तुस्थिती : शून्य म्हणजे समोरच्याने पाठवणं संपवलं. पुन्हा कितीही वाचा, शून्यच मिळेल. लूप नुसता फिरत राहील आणि सीपीयूचा एक कोअर शंभर टक्के व्यापेल. नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर डेटा आला नसेल, तर रिसीव्ह उणे एक देतं आणि एररनोमध्ये ईअगेन असतं.

गैरसमज : शून्य आलं, आता कनेक्शन आपोआप मिटेल.
वस्तुस्थिती : टीसीपीच्या दोन दिशा स्वतंत्रपणे बंद होतात. क्लायंटने शटडाउन करून फक्त पाठवणं थांबवलं असेल, तर तो अजून उत्तराची वाट पाहत असू शकतो. उत्तर द्यायचं असेल तर द्या आणि मग क्लोज करा. ते विसरलं, तर सॉकेट क्लोज-वेट अवस्थेत अडकतो. ‘एसएस’ कमांडच्या यादीत अशा ओळी वाढतच चालल्या असतील, तर नेटवर्कला बोल लावू नका. क्लोज राहिलंय ते आपल्याच कोडमध्ये. अखेर फाइल डिस्क्रिप्टर संपतात आणि नव्या क्लायंटला दार बंद होतं.

गैरसमज : सेंड यशस्वी झालं, म्हणजे डेटा पोहोचला.
वस्तुस्थिती : सेंड डेटा फक्त कर्नलच्या बफरमध्ये ठेवतं. क्लायंटने सॉकेट बंद केल्यानंतरचं पहिलं सेंडही बहुधा यशस्वी ठरतं. त्यावर पलीकडून रीसेट येतो आणि पुढच्या सेंडला सिगपाइप सिग्नल मिळतो. तो हाताळला नसेल, तर एका क्लायंटपायी अख्खा सर्व्हर बंद पडतो. सिगपाइपकडे दुर्लक्ष करायला सांगा किंवा सेंडला एमएसजी-नोसिग्नल द्या. मग ईपाइप ही साधी एरर हाती येते.

गैरसमज : केबल निघाली, वीज गेली, तरी सर्व्हरला लगेच कळेल.
वस्तुस्थिती : अशा वेळी बंद होत असल्याचं पॅकेट निघतच नाही. नुसता वाचत बसलेला सर्व्हर कितीही काळ तसाच बसेल. कीपअलाइव्ह मुळात बंद असतं; चालू केलं तरी लिनक्स आधी ७२०० सेकंद शांतता पाहतो, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारणा करतो. एकूण सव्वादोन तासांच्या आसपास. एवढं थांबणं परवडत नसेल, तर हे आकडे कमी करा किंवा प्रोटोकॉलमध्येच हार्टबीट आणि टाइमआउट ठेवा.