युगांडाने ‘आता पुरे’ म्हटले तेव्हा

गेल्या दशकाच्या सुरुवातीला युगांडाचा एक नकाशा आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदांमध्ये वारंवार दाखवला जायचा. देशात कुठे कुठे आरोग्याचे मोबाइल प्रकल्प चालू आहेत, याच्या खुणा त्यावर होत्या. त्या इतक्या दाटीने होत्या की खालचा जिल्हा शोधावा लागे. एखादी संस्था गरोदर बायकांना तपासणीची आठवण करून देणारे एसएमएस पाठवत होती, दुसरी मलेरियाच्या चाचण्या मोजत होती, तिसरी औषधांचा साठा. प्रत्येकीचा फोन वेगळा, सर्व्हर वेगळा आणि प्रशिक्षणाचा दिवसही वेगळा. परिषदेतले लोक नकाशा पाहून हसायचे. हसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची एखादी खूण त्यात असायची.

2008 आणि 2009 या दोन वर्षांत तिथे सुरू झालेल्या 36 प्रकल्पांपैकी सुमारे 23 प्रकल्प प्रायोगिक टप्प्याच्या पुढे सरकलेच नाहीत. अखेर जानेवारी 2012 मध्ये युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाने आदेश काढला: मंत्रालयाच्या मंजुरीशिवाय नवा डिजिटल आरोग्य प्रकल्प सुरू करायचा नाही. जो येईल त्याने आपली यंत्रणा सरकारी माहितीयंत्रणेशी कशी जोडली जाणार आणि पैसे संपल्यावर ती कोण चालवणार, हे आधी सांगायचे.

गरीब देशाच्या सरकारने फुकट मिळणाऱ्या गोष्टीला नकार द्यावा, हे तेव्हा अनेकांना पटले नाही. माझ्या मते मात्र विकसनशील देशांतल्या डिजिटल आरोग्याच्या नियोजनातला तो सगळ्यात शहाणा कागद होता. कारण या क्षेत्रातल्या रणनीती बहुतेक वेळा ‘काय काय करायचे’ याच्या याद्या असतात; काय करू द्यायचे नाही, हे लिहायला कोणी धजत नाही.

हे प्रकल्प मुळात इतके वाढतात कसे? देणगीदाराचा निधी साधारण दोन-तीन वर्षांचा असतो आणि त्या मुदतीत दाखवण्याजोगे काही घडावे लागते. मग बऱ्या रस्त्याचा, उत्साही अधिकाऱ्याचा जिल्हा निवडला जातो. फोन बिघडला तर संस्थेचा माणूस मोटारसायकलवरून येऊन दुरुस्त करतो. रिचार्जचे पैसे संस्था देते. निष्कर्ष चांगले येतात, शोधनिबंध छापला जातो. पण तोच प्रयोग शंभर जिल्ह्यांत न्यायचा म्हटले की ते पैसे आणि तो मोटारसायकलवाला कुठून आणायचा? त्यात पुन्हा पैसा आजारांच्या नावाने येतो. एचआयव्हीचा निधी एचआयव्हीची यंत्रणा उभारतो, लसीकरणाचा निधी लसीकरणाची. लग्नात सात पाहुण्यांनी सात भिंतीवरची घड्याळे आहेर करावीत, तसा हा प्रकार: नाही कोणालाच म्हणता येत नाही, प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ दाखवते आणि सेल बदलायचे काम यजमानाकडे राहते.

युगांडाच्या बंदीने सगळे सुरळीत झाले असे नाही. पण काही गोष्टी नक्की बदलल्या. ‘एम-ट्रॅक’ नावाची यंत्रणा तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. आरोग्य केंद्रातला कर्मचारी दर आठवड्याला साध्या फोनवरून एसएमएस पाठवायचा: मलेरियाचे किती रुग्ण, कोणती औषधे शिल्लक. ही माहिती देशाच्या मुख्य आरोग्य माहितीयंत्रणेत जाऊन पडायची. केंद्रात औषध नाही किंवा डॉक्टर जागेवर नाही, ही तक्रार सामान्य माणसालाही नाव न सांगता फुकट एसएमएसने करता यायची. स्मार्टफोन लागत नव्हता. आठवड्याचा अहवाल कर्मचारी आधीपासूनच कागदावर भरत होता. तोच आता लवकर पोहोचू लागला. एम-ट्रॅक टिकले याचे कारण मला यातच दिसते. त्याने नवे काम लादले नाही, होते त्या कामाचा वेग वाढवला.

योगायोगाने त्याच 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून राष्ट्रीय ई-आरोग्य रणनीती कशी आखावी याची मार्गदर्शिका काढली. तिच्यात सात घटक आहेत: नेतृत्व, गुंतवणूक, पायाभूत सोयी, मानके, कायदे, मनुष्यबळ आणि प्रत्यक्ष सेवा व ॲप्स. यादी चोख आहे. अडचण एवढीच की सातांपैकी फक्त शेवटच्याचे उद्घाटन करता येते, फीत कापता येते. मानकांची फीत कोण कापणार?

मानके म्हणजे काय, हे समजून घ्यायला दक्षिण आफ्रिकेत जावे लागेल. वर्णभेदी राजवटीत तिथली आरोग्यव्यवस्था वंशांनुसार आणि तथाकथित ‘होमलँड’नुसार चिरफाळलेली होती. खाती वेगळी, त्यामुळे तक्ते वेगळे. 1994 मध्ये लोकशाही आली तेव्हा नव्या सरकारला देशात किती बाळांचे लसीकरण पूर्ण झाले, असा साधा प्रश्नही एका वाक्यात सोडवता येईना, कारण ‘पूर्ण लसीकरण’ प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने मोजलेले होते. केपटाऊनच्या परिसरात तेव्हा काही स्थानिक आरोग्य कार्यकर्ते आणि ऑस्लो विद्यापीठाचे योर्न ब्रा यांच्यासारखे संशोधक एकत्र आले. त्यांच्याकडे संगणक होते, पण सुरुवात त्यांनी रकान्यांपासून केली.

दवाखान्यातल्या परिचारिकेने महिनाअखेर नेमके काय मोजून पाठवायचे? प्रत्येक कार्यक्रमाच्या प्रमुखाला आपले रकाने हवे होते. क्षयरोगवाल्यांना त्यांचे, कुटुंबनियोजनवाल्यांना त्यांचे. एकेक रकाना निरुपद्रवी दिसतो. सगळे मिळून नर्सचे दिवस खातात. बऱ्याच भांडणांनंतर तोडगा निघाला तो असा: संपूर्ण देशासाठी अगदी थोड्या, सर्वांना सक्तीच्या बाबी ठरवायच्या. प्रांताला आणखी काही हवे असेल तर त्याने खुशाल वाढवावे, जिल्ह्यानेही वाढवावे, पण वरच्याने ठरवलेल्या व्याख्येला हात लावायचा नाही. आणि जी माहिती ज्या पातळीवर वापरली जाणार नाही, ती त्या पातळीला पाठवायचीच नाही. ऐकायला हे कारकुनी वाटते. पण कोणाचा रकाना कापायचा हे ठरवण्यात जितके राजकारण आहे, तितके सॉफ्टवेअर निवडण्यात नाही.

या मांडणीतून जे सॉफ्टवेअर जन्मले, त्याची पुढची आवृत्ती म्हणजे डीएचआयएस-2. ते मुक्तस्रोत आहे, परवान्याचे पैसे लागत नाहीत. केनियाने 2011 मध्ये ते इंटरनेटवरून देशभर सुरू केले. युगांडानेही त्याच सुमारास ते स्वीकारले. एम-ट्रॅकचे एसएमएस जिथे जाऊन पडायचे ती यंत्रणा हीच. आज सत्तरहून अधिक देशांत ते कोणत्या ना कोणत्या रूपात चालते. अनेक देशांनी सॉफ्टवेअर घेतले आणि रकान्यांचे भांडण मात्र टाळले. तिथे दोनशे रकान्यांचा कागदी तक्ता दोनशे रकान्यांच्या पडद्यावर आला, एवढाच फरक.

इथिओपियाने वेगळी वाट धरली आणि ती मला फार आवडते. 2004 नंतर त्या देशाने गावोगावी हजारो आरोग्य विस्तार कार्यकर्त्या नेमल्या. त्यांच्यासाठी आधी कागदाची पद्धत बसवली: प्रत्येक घराची एक फाइल, ‘कुटुंब फोल्डर’. घरात संडास आहे का, मच्छरदाणी आहे का, कोणाची कोणती लस राहिली, सारे एकाच ठिकाणी. ती हाताळण्याची सवय लागल्यावर तिचे इलेक्ट्रॉनिक रूप आणले गेले. कागदावर जे नीट चालते तेच पडद्यावर चालेल, हा विचार कोणत्याही सल्लागाराच्या स्लाइडवर शोभून दिसत नाही, हे कबूल.

दुसरा कंटाळवाणा पण कळीचा विषय म्हणजे नोंदवह्या. देशात आरोग्य केंद्रे किती आणि त्यांची नावे काय, याची एकच अधिकृत यादी असणे. औषधांच्या यादीत एक नाव, पगारपत्रकात दुसरे आणि लसीकरणाच्या ॲपमध्ये तिसरे असेल, तर तिन्ही यंत्रणांना ते एकच केंद्र आहे हे कळणारच नाही. माणसांचेही तेच. भारताच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची मांडणी याच पायावर आहे. 15 ऑगस्ट 2020 रोजी सहा केंद्रशासित प्रदेशांत आणि 27 सप्टेंबर 2021 पासून देशभर ते सुरू झाले. रुग्णासाठी 14 अंकी ‘आभा’ क्रमांक, शिवाय दवाखान्यांची नोंदवही, डॉक्टरांची नोंदवही. सगळी कागदपत्रे एका मोठ्या गोदामात जमा न करता ती जिथे तयार झाली तिथेच ठेवायची आणि रुग्णाच्या संमतीने एकीकडून दुसरीकडे जाऊ द्यायची, हे त्यामागचे सूत्र. आराखडा म्हणून ते उत्तम आहे. पण सामान्य माणसाला ते प्रथम भेटते ते सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत, क्यूआर कोड स्कॅन करून मिळणाऱ्या टोकनच्या रूपाने. यात हिणवण्यासारखे काही नाही. रांग कमी झाली हे रुग्णाला दिसते. संमतीचे सूत्र दिसायला वेळ लागेल.

माहिती भरणाऱ्याचे काय होते, हे महाराष्ट्राने 2021 मध्ये पाहिले. त्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन जुने होते, मेमरी अपुरी होती, ते तापत आणि बंद पडत. त्यात आधीचे ॲप जाऊन नवे ‘पोषण ट्रॅकर’ आले आणि ते इंग्रजीतून भरायचे होते. मुलांची नावे, वजने, उंची इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेल्या, मराठीतून उत्तम रजिस्टर लिहिणाऱ्या बाईला एका रात्रीत अडाणी ठरवणारा तो पडदा होता. बातम्यांमधून याचे चित्र ‘सेविकांचा तंत्रज्ञानाला विरोध’ असे रंगले. खरे तर सेविकांनी युगांडाच्या मंत्रालयानेच विचारले होते तसले प्रश्न विचारले: बिघाड झाला तर दुरुस्ती कोण करणार, खर्च कोण देणार? ऑनलाइन भरायचे आणि वर रजिस्टरही लिहायचे, ही तक्रार तर आशा, एएनएम, सेविका यांपैकी कोणाशीही बोला, ऐकायला मिळतेच. ज्या दिवशी ॲप सुरू होते त्या दिवशी कोणते रजिस्टर बंद होणार, याची तारीख एखाद्या रणनीतीत छापलेली असेल, तर ती रणनीती मी आदराने वाचीन.

असले घोळ गरीब देशांतच होतात असा समज करून घेऊ नये. ब्रिटनने 2002 मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी आखलेला संगणकीकरणाचा महाकाय कार्यक्रम सुमारे 10 अब्ज पौंडांच्या घरात जाऊन 2011 मध्ये मोडीत काढला गेला. फरक इतकाच की ब्रिटनला तो तोटा सोसला.

पैशाचा प्रश्न शेवटी येतोच. रवांडा हा या क्षेत्रातला लाडका देश. एचआयव्हीच्या रुग्णांसाठी इलेक्ट्रॉनिक नोंदी तिथे लवकर आल्या, 2016 पासून रक्ताच्या पिशव्या ड्रोनने जाऊ लागल्या. त्याच वर्षी लंडनच्या बॅबिलॉन या कंपनीची फोनवरून डॉक्टरी सल्ला देणारी ‘बेबिल’ सेवा तिथे आली. वीस लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली. 2020 मध्ये सरकारशी दहा वर्षांचा करार झाला. 2023 मध्ये मूळ कंपनी कोसळली आणि रवांडातली सेवाही थांबली. सरकारची नियत चांगली होती, लोकांना सेवा हवी होती, तरी किल्ली लंडनमध्ये होती.

2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर घडले. 1984 पासून जगभर चाललेला, घरोघरी जाऊन माता-बालकांच्या आरोग्याची माहिती गोळा करणारा डीएचएस कार्यक्रम एका फटक्यात बंद पाडला गेला. आपले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण याच घराण्यातले. पण त्याची यंत्रणा मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत आहे, म्हणून आपल्याला तितकी झळ बसली नाही. अनेक आफ्रिकी देशांकडे मात्र बालमृत्यूचा विश्वासार्ह आकडा मिळवण्याचा दुसरा मार्गच नव्हता.

किल्ली आपल्या हाती ठेवायची तर यंत्रणा चालवणारी माणसे आपली हवीत. म्हणून रणनीतीतला मनुष्यबळाचा घटक, जो बहुधा ‘प्रशिक्षण शिबिरे घेणे’ या एका ओळीत उरकतात, तोच मला निर्णायक वाटतो. श्रीलंकेने तो उरकला नाही. कोलंबो विद्यापीठात डॉक्टरांसाठी आरोग्य माहितीशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, त्यातून तयार झालेले डॉक्टर आरोग्य मंत्रालयातच कामाला लागले. रुग्णही कळतो आणि डेटाबेसही कळतो, अशी ही माणसे. जानेवारी 2020 मध्ये कोविडची चाहूल लागताच त्यांनी विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांची नोंद ठेवण्यासाठी डीएचआयएस-2 वर स्वतःच एक यंत्रणा बांधली. निविदा नाही, सल्लागार नाही. मग ती सगळ्यांसाठी खुली केली आणि पाहता पाहता डझनावारी देशांनी उचलली. त्यानंतर संपर्कशोधासाठी डीएचआयएस-2 वापरणाऱ्यांत नॉर्वेच्या अनेक नगरपालिकाही होत्या.