मनांचा धनी 'म्यूल' आणि इतिहासाचे गणित

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल वडगाव सोडून कान्ह्याला थांबते. तेथून आंदर मावळात शिरणारा रस्ता टाकवे बुद्रुकला जातो. एकेकाळच्या भातखाचरांच्या या गावाभोवती आता कारखान्यांच्या भिंती दिसतात. डॉ. जयंत नारळीकरांनी मात्र हाच लोहमार्ग वेगळ्या रूपात पाहिला होता. त्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे 'जिजामाता एक्स्प्रेस'ने मुंबईला निघतात, तेव्हा पुण्याबाहेर एकही औद्योगिक वसाहत त्यांना दिसत नाही आणि लोणावळा अवघ्या ४० मिनिटांत येते. कारण त्या जगात १७६१ मध्ये पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही. ती कानाजवळून निसटून गेली, मराठे जिंकले आणि टाकव्यापासून मुंबईपर्यंत सारेच बदलले.

एका गोळीने इतिहास बदलतो काय, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. अमेरिकी लेखक आयझॅक असिमोव्ह यांनी तोच प्रश्न पुराच्या पुरा उलटा करून मांडला होता आणि त्यातूनच विज्ञानसाहित्यातला एक विलक्षण खलनायक जन्माला आला. त्याचे नाव 'म्यूल', म्हणजे खेचर.

असिमोव्ह मूळचे रसायनशास्त्राचे. वायूतील एखादा रेणू पुढच्या क्षणी कोठे जाईल हे सांगता येत नाही. पण भांड्यातील अब्जावधी रेणूंचा मिळून दाब किती असेल, ते अचूक सांगता येते. हाच न्याय माणसांना लावला तर? 'फाउंडेशन' मालिकेतील हॅरी सेल्डन हा गणिती नेमके हेच करतो. त्याच्या 'मनोइतिहास' या शास्त्राला एकेका माणसाचे भविष्य कळत नाही. आकाशगंगेभर पसरलेल्या मानवसमूहाचे मात्र कळते. साम्राज्य कोसळणार आणि पुढे ३०,००० वर्षे अंधार असणार, असे त्याचे गणित सांगते. तो काळ एक हजार वर्षांवर आणण्यासाठी तो टर्मिनस या दूरच्या ग्रहावर 'फाउंडेशन'ची स्थापना करतो. पुढच्या संकटांच्या वेळी प्रकट होणारी आपली ध्वनिचित्रे तो एका दालनात ठेवून जातो. राजे, सेनापती, शूरवीर येतात आणि जातात. गणित चुकत नाही. रोमच्या ऱ्हासावरील गिबनच्या ग्रंथाची सावली या साऱ्या कल्पनेवर आहे.

पण न चुकणाऱ्या गणितावर कथा किती काळ चालणार? 'अस्टाउंडिंग' या मासिकाचे संपादक जॉन कॅम्बेल यांनी सेल्डनची योजना उधळून लावण्याचा आग्रह धरला. असिमोव्ह आधी राजी नव्हते. अखेर 'द म्यूल' ही कथा १९४५ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या अंकांत प्रसिद्ध झाली. पुढे १९५२ मध्ये ती 'फाउंडेशन अँड एम्पायर' या पुस्तकात आली. हिटलर आणि मुसोलिनी यांचा शेवट झाला त्याच वर्षी, भाषणांनी भारावलेल्या गर्दीची चित्रे वाचकांच्या डोळ्यांसमोर ताजी असताना, हा मनांचा धनी छापील पानांवर अवतरला.

म्यूलला विचार वाचता येत नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तो भावना बदलतो. शत्रूच्या मनात हताशपणा पेरतो, विरोधकाच्या मनात निष्ठा. त्यामुळे कालगनचा सत्ताधीश न लढताच शरण येतो आणि फाउंडेशनची माणसे लढाईआधीच मनाने हरलेली असतात. हॅन प्रिचर हा फाउंडेशनचा कर्तव्यकठोर अधिकारी म्यूलला मारायला निघतो आणि त्याचाच सेवक होऊन बसतो. त्याची बुद्धी शाबूत असते, आपले मन वळवले गेले आहे हेही त्याला ठाऊक असते. त्याला त्याचे काहीच वाटत नाही, एवढाच काय तो फरक. साखळदंड घालणारे खलनायक वाङ्मयात पुष्कळ आहेत. साखळदंड आवडू लागावेत अशी व्यवस्था करणारा हा खलनायक अधिक भयंकर आहे.

सेल्डनचे गणित येथे चुकते ते का? म्यूल एकटा आहे आणि एकटा माणूस हिशेबात धरलेला नाही, असे वरवर वाटते. खरे कारण खोल आहे. बाह्य प्रेरणांना माणसाचे मन नेहमी एकाच रीतीने प्रतिसाद देते, हे मनोइतिहासाचे गृहीतक होते. म्यूल त्या प्रतिसादालाच हात घालतो. रेणूंच्या उपमेत बोलायचे तर तो भांड्याला धक्का देत नाही, रेणूंचा स्वभावच बदलतो. म्हणून ठरल्या वेळी सेल्डनची प्रतिमा दालनात प्रकटते आणि फाउंडेशन व स्वतंत्र व्यापारी यांच्यातील यादवीबद्दल शांतपणे बोलू लागते. ते युद्ध झालेलेच नसते आणि बाहेर म्यूलची जहाजे येऊन पोहोचलेली असतात. तीनशे वर्षे ज्याच्यावर विसंबून राहावे तो आधार असा भलतेच बोलताना ऐकण्याचा तो प्रसंग पुस्तकातील सर्वांत अस्वस्थ करणारा आहे.

नारळीकरांच्या कथेतील गोळीचा प्रकार वेगळा. तेथे माणसांचा स्वभाव तोच राहतो. आपत्ती सिद्धान्तानुसार निर्णायक क्षणी, मराठी सैन्याचे धैर्य टिकणार की खचणार या सीमारेषेवर, एक अत्यल्प कारण दिशा ठरवते. तरीही दोन्ही कथांत निकाल लागतो तो सैनिकांच्या मनात, ही गंमत आहेच.

'खेचर' या नावाचा कथेतील अर्थ वांझपणाशी बांधलेला आहे. या विजेत्याला संतती होणे शक्य नाही. मराठी वाचकाला मात्र त्या शब्दात आणखी एक अर्थ ऐकू येतो: 'ख' म्हणजे आकाश, त्यात संचार करणारा तो खेचर. आकाशगंगा पादाक्रांत करणाऱ्याला इतके चपखल नाव इंग्रजीत साधले नसते!

आता कथेचे रहस्य. (पुस्तक वाचायचे असेल त्यांनी पुढील परिच्छेद वगळावेत.) बेटा आणि तोरान हे तरुण जोडपे मॅग्निफिको नावाच्या, म्यूलला घाबरून पळालेल्या किडकिडीत विदूषकाला आश्रय देते. तो विदूषकच म्यूल असतो. ट्रँटरच्या ग्रंथालयात एब्लिंग मिस या शास्त्रज्ञाला गुप्त अशा 'दुसऱ्या फाउंडेशन'चा ठावठिकाणा सापडतो; तो ते उच्चारणार तोच बेटा त्याला गोळी घालते, कारण तिने विदूषकाला ओळखलेले असते. सर्वांची मने वळवणाऱ्या म्यूलने तिच्या मनाला स्पर्श केलेला नव्हता. ती त्याच्याशी आपण होऊन प्रेमाने वागली होती, आणि आयुष्यात प्रथमच लाभलेली ती खरी माया त्याला बिघडवायची नव्हती. आकाशगंगा जिंकणारा हरतो तो या एका मोहामुळे.

दूरचित्रवाणीवर 'फाउंडेशन' येण्यास फार काळ लागला. बीबीसीने १९७३ मध्ये आठ भागांचे नभोनाट्य केले होते; ॲपल टीव्ही प्लसवरील मालिका २४ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झाली. डेव्हिड गोयर आणि जॉश फ्रीडमन यांनी ती घडवली. मूळ कथेत माणसे बोलतात फार आणि पडद्यावर दाखवावे असे थोडेच, म्हणून एकाच सम्राटाच्या प्रतिकृतींची राजवट यांसारख्या पुस्तकात नसलेल्या गोष्टी तिच्यात आल्या. २०२५ च्या तिसऱ्या पर्वात पिलू अस्बेक या अभिनेत्याने उघडपणे क्रूर, चाच्यांच्या वळणाचा म्यूल रंगवला. पुस्तक वाचलेले प्रेक्षक अर्थातच विदूषकावर डोळा ठेवून बसले होते. शेवटच्या भागात कळले ते निराळेच: खरी म्यूल आहे बेटा, आणि जो म्यूल म्हणून वावरत होता तोही तिच्याच ताब्यातील मोहरा.

धक्का म्हणून ही कल्पना उत्तम आहे. पुस्तकात जिचे मन एकटे अस्पर्श राहिले तिलाच मने हाताळणारी करण्यात खट्याळपणाही आहे. पण त्यात मूळ कथेचा गाभा गमावला जातो, हेही नाकारता येत नाही. सहज दिलेल्या स्नेहापुढे म्यूलची विद्या थबकते, हे असिमोव्ह यांचे मर्म पडद्यावर उरत नाही.

अर्थात असिमोव्ह यांचेही हात पुरते स्वच्छ नाहीत. 'सेकंड फाउंडेशन' या १९५३ च्या पुस्तकात म्यूलचा बंदोबस्त होतो तो त्याच्याच शस्त्राने. दुसऱ्या फाउंडेशनचे मनोवैज्ञानिक त्याचे मन बदलतात, शोधाची आठवण पुसतात आणि त्याला एक निरुपद्रवी राज्यकर्ता बनवून परत पाठवतात. त्यानंतर तो समाधानाने राज्य करतो, आणि आपले काय झाले हे त्याला कधीच कळत नाही.