रडण्याचा हिशेब

27 मे 2022, शुक्रवार. लडाखमध्ये तुर्तुकच्या बाजूला 26 जवानांना घेऊन पुढच्या ठाण्याकडे निघालेली गाडी श्योक नदीच्या पात्रात कोसळली. सात जण गेले. त्यांत खटाव तालुक्यातल्या विसापूरचे एक सुभेदार होते आणि गडहिंग्लजकडच्या बसर्गेचा एक जवान. रविवारी पंजाबात गायक सिद्धू मूसेवालाला गोळ्या घातल्या. मंगळवारी रात्री कोलकात्यात कार्यक्रम आटोपून हॉटेलवर परतलेला केके गेला. बुधवारी सकाळी जो तो केकेची गाणी स्टेटसला ठेवत होता. अशा वेळी एक मेसेज हमखास फिरतो: नटांसाठी, गायकांसाठी गळे काढणाऱ्यांनो, सीमेवर गेलेल्या जवानाचे नाव तरी सांगता येईल का? आणि खाली, खरे भारतीय असाल तर पुढे पाठवा.

त्याआधी दोन वर्षे, 14 जून 2020 रोजी सुशांतसिंह राजपूतचा मृतदेह वांद्र्याच्या घरात सापडला. दुसऱ्याच दिवशी रात्री गलवान खोऱ्यात चिनी सैनिकांशी झालेल्या झटापटीत कर्नल संतोष बाबूंसह आपले 20 जण गेले. पुढचे कितीतरी महिने हिंदी वाहिन्यांवर चर्चा कोणाची होती, हे आठवायला कोणालाच कष्ट पडणार नाहीत. म्हणजे मेसेज पाठवणाऱ्याची तक्रार अगदीच पोकळ नाही. फक्त तो ती रडणाऱ्यांकडे करतो, आणि रडणाऱ्यांचा यात काही दोष नसतो. शिवाय सातारा-सांगलीत बसून ही तक्रार केली, तर ती खरीसुद्धा नाही.

इकडे फौजीचे पार्थिव गावात येते तेव्हा काय होते, ते बघावे. बातमी युनिटकडून आधी घरातल्या एखाद्या पुरुषमाणसाला कळते. थोरला भाऊ, चुलता, नाहीतर सरपंच. आईला आणि बायकोला कोणी सांगत नाही. ‘जखमी आहे, दवाखान्यात आहे’ म्हणत दिवस काढायचा, घरातला टीव्ही बंद ठेवायचा. पण दारात माणसे जमू लागली की त्या दोघींना सांगावे लागत नाही. गावात चूल पेटत नाही. पार्थिव विमानाने पुण्यापर्यंत आणि पुढे लष्कराच्या गाडीने हायवेने येणार असते. तोवर इकडे गायरानात किंवा शाळेच्या पटांगणात जेसीबी लागलेला असतो. जागा सपाट होते, रातोरात विटांचा चौथरा उभा राहतो, बांबूचे अडसर बांधले जातात. फाट्यापासून घरापर्यंत पोरी रांगोळ्या काढतात. ‘अमर रहे’च्या फ्लेक्सवर छापायला फोटो शोधावा लागतो आणि बऱ्याचदा लग्नातलाच सापडतो. शाळेची मुले झेंडे घेऊन ओळीत उभी, आजूबाजूच्या दहा गावांचे माजी सैनिक जुनी पदके लावून पुढे. बंदुकीच्या तीन फैरी झडतात, बिगुल वाजतो, शवपेटीवरचा तिरंगा घडी करून पत्नीच्या हातात दिला जातो. मुलगा लहान असला तर चुलता त्याचा हात धरून अग्नी देतो. ही माणसे कोणी मेसेज पाठवला म्हणून आलेली नसतात.

हा सगळा सोहळा मात्र आपण समजतो तितका जुना नाही. 1962, 1965 आणि 1971 च्या लढायांत जे गेले, त्यांतल्या बहुतेकांवर तिकडेच अंत्यसंस्कार झाले. घरी आली ती तार. मागाहून त्याची लोखंडी ट्रंक. मृतदेह रीतसर घरी पाठवण्याची पद्धत सर्वदूर रुळली ती 1999 च्या कारगिलपासून, आणि नेमक्या त्याच वेळी घरोघर बातम्यांच्या वाहिन्या पोचल्या होत्या. गावचा शोक देशाने पाहिला तो तेव्हा पहिल्यांदा. त्याआधी 1987 ते 1990 या काळात श्रीलंकेत शांतिसेनेचे हजाराहून जास्त जवान गेले, कारगिलच्या 527 पेक्षा कितीतरी अधिक. त्यांच्यासाठी कोणत्या चौकात मेणबत्त्या लागल्या होत्या? तेव्हाची माणसे काही कमी देशभक्त नव्हती. शवपेटी दिसली नाही, म्हणून गर्दीही जमली नाही.

आणखी मागे गेले तर मेलेल्यांची प्रतवारी किती उघडपणे होत असे, ते कळते. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’च म्हणतात. घरटी एक फौजी अशी त्याची ख्याती, आणि पहिल्या महायुद्धात गावचे 46 जण कामी आले असे गावात सांगतात. त्या युद्धात मराठा पलटणी मोठ्या संख्येने गेल्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. कूतच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. एप्रिल 1916 मध्ये शरणागती झाली, त्यानंतर कित्येक जण कैदेत मेले. त्या आघाडीवरच्या मृतांचे स्मारक बसऱ्याला उभारले, तेव्हा इंग्रज शिपायांची नावे कोरली गेली आणि हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा घातला. आकडा! युद्धस्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने या भेदभावाची जाहीर कबुली दिली ती 2021 मध्ये, सुमारे शंभर वर्षांनी. म्हणजे ‘जवानाचे नाव तरी माहीत आहे का’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारायला हवा होता तो सरकारला.

तसे पाहिले तर आपल्याकडची वीराची आठवण ठेवण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी. माण-खटावात, जत-आटपाडीकडे देवळाच्या आवारात वीरगळ उभे असतात. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेताहेत, वरच्या टप्प्यात तो महादेवाची पूजा करतोय. गाईगुरे सोडवताना पडलेला माणूस असेल तो, कदाचित पाटलाच्या घरचा, कदाचित रामोशी. बहुतेकांवर नाव नाही. कोणी शेंदूर फासून त्याचा देव केलाय, कुठे तो धुणे धुवायला पडलाय.

शोकाची तुलना करायचीच तर 2015 हे साल घ्यावे. त्या वर्षी 16 फेब्रुवारीला आर. आर. पाटील गेले. दुसऱ्या दिवशी तासगाव तालुक्यातल्या अंजनीत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. आबा काही सिनेनट नव्हते, पण अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक असलेला आवाज होता तो. जिल्हा परिषदेपासून गृहमंत्रिपदापर्यंतचा त्यांचा प्रवास लोकांनी डोळ्यांदेखत पाहिला होता. मग 17 नोव्हेंबरला कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांचा पाठलाग करताना कर्नल संतोष महाडिक गेले. सैनिक स्कूलचे विद्यार्थी, 41 राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तेव्हा तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर हजर होते. डोंगराच्या कुशीतल्या त्या छोट्या गावात पाय ठेवायला जागा नव्हती. सोळा तारखेपर्यंत मात्र पंचक्रोशीबाहेर त्यांचे नाव किती जणांना ठाऊक होते?

फरक आहे तो इथेच. नट, गायक, पुढारी आपल्याला आधी भेटलेला असतो आणि मग मरतो. जवानाची ओळख होते ती त्याच्या मरणाच्याच बातमीने. पडद्यावरच्या माणसाशी जडणाऱ्या या एकतर्फी नात्यावर हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1956 मध्येच लिहून ठेवले आहे. केके गेला तेव्हा जे हळहळले, त्यांच्या कॉलेजच्या निरोप समारंभात त्याचे गाणे वाजले होते. त्यांच्या हळहळीत त्यांचे स्वतःचेच विशीतले दिवस होते. त्याबद्दल कोणाला खडसावण्यात काय अर्थ? शोक म्हणजे रेशनवरची साखर नव्हे, की एकाला दिली तर दुसऱ्याला कमी पडावी. उलटे उदाहरण तर सांगलीकरांच्या घरचेच. लता मंगेशकरांचे बालपण सांगलीत गेले. 6 फेब्रुवारी 2022 रोजी त्या गेल्या आणि देशात दोन दिवसांचा दुखवटा जाहीर झाला. त्याच लताबाईंनी 27 जानेवारी 1963 ला दिल्लीत, चीनच्या युद्धात पडलेल्यांसाठी कवी प्रदीप यांचे ते गाणे म्हटले होते. तारेवर आटोपलेल्या त्या मरणांसाठी देशाने आवाज ऐकला तो एका प्रसिद्ध गायिकेचा.

आणि प्रसिद्धी असली की शोक ठरलेलाच, असेही नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1952 ला हेलसिंकीत पदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. 14 ऑगस्ट 1984 ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या मरणानंतर सोळा-सतरा वर्षांनी आला.

सरकारी इतमामाचे म्हणाल, तर तो कोणाला द्यायचा हे राज्य सरकार ठरवते, म्हणजे व्यवहारात मुख्यमंत्री. फेब्रुवारी 2018 मध्ये श्रीदेवीचे पार्थिव तिरंग्यात गुंडाळले गेले तेव्हा बरीच ओरड झाली. राज ठाकरेंनी गुढीपाडव्याच्या सभेत जाहीर प्रश्न केला. माहिती अधिकारात विचारणा झाली, तर मुख्यमंत्री कार्यालयाकडून तोंडी सूचना आली होती एवढेच उत्तर मिळाले. यावर रागवायचे असेल तर जरूर रागवावे. निकष लेखी असावेत, एवढी मागणी तरी करता येते. चाहत्यांनी अश्रू आवरावेत ही मागणी मात्र मला हास्यास्पद वाटते.

इतर देशांतही शोक दिसणार की नाही, हे बऱ्याचदा सरकारेच ठरवतात. अमेरिकेने 1991 च्या आखाती युद्धापासून डोव्हरच्या तळावर उतरणाऱ्या शवपेट्यांचे फोटो काढायला बंदी घातली होती, ती 2009 पर्यंत टिकली. गलवानमध्ये स्वतःचे चार जण गेले हे चीनने कबूल केले ते फेब्रुवारी 2021 मध्ये. याच्या अगदी उलट इंग्लंडमधल्या वूटन बॅसेट या छोट्या गावाचे. 2007 पासून इराक-अफगाणिस्तानातून येणारी पार्थिवे जवळच्या तळावर उतरून या गावाच्या मुख्य रस्त्याने जाऊ लागली. सुरुवातीला चार-दोन माजी सैनिक टोपी काढून उभे राहायचे. मग दुकानदार बाहेर आले, मग शेकड्यांनी माणसे. कोणी आदेश दिला नव्हता. 2011 मध्ये राणीने त्या गावाच्या नावाआधी ‘रॉयल’ लावायला परवानगी दिली. खटाव-माणमधल्या कोणाही माणसाला हे ऐकून फारसे नवल वाटणार नाही.

जवानाजवानांच्या मरणातही डावे-उजवे असते, आणि ते करण्यात आपणही सामील असतो. फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामात 40 जण एकाच वेळी गेले, तेव्हा तालुक्याच्या गावांतही मोर्चे निघाले. एकटादुकटा जातो त्याच्यासाठी मोर्चा नसतो. चकमकीत गेला तर पहिले पान, हिमकड्याखाली गेला तर आतले, बराकीत हृदयविकाराने गेला तर जिल्हा पुरवणीत दोन ओळी. लष्कराच्या कागदोपत्रीही दोन खाती आहेत, ‘बॅटल कॅज्युअल्टी’ आणि ‘फिजिकल कॅज्युअल्टी’. पहिल्या खात्यात नाव पडले तर कुटुंबाला शेवटच्या पगाराइतके पूर्ण निवृत्तिवेतन. दुसऱ्यात पडले आणि मरण नोकरीमुळे आले हे मान्य झाले, तर साठ टक्के. अपघात कोणत्या रस्त्यावर, कोणत्या कामाला जाताना झाला, यावर हे ठरते. फ्लेक्सवर सगळेच ‘वीर’ असतात, कागदावर नसतात. त्यात तुर्तुकच्या अपघातानंतर तीन आठवड्यांच्या आतच, 14 जून 2022 ला अग्निपथ योजना जाहीर झाली. अग्निवीर कर्तव्यावर गेला तर घरच्यांना विमा आणि एकरकमी मदत मिळते, निवृत्तिवेतन मिळत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचिनमध्ये गेला, तेव्हा हे पुष्कळांना पहिल्यांदा कळले.

गर्दी ओसरल्यावरचे चित्र पाहायचे तर जावळीतल्या केडंब्याला जावे. तुकाराम ओंबळे इथले. आधी लष्करात, मग मुंबई पोलिसांत. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात नुसती काठी असताना त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, गोळ्या खाल्ल्या, पण तो जिवंत सापडला. दोन महिन्यांत अशोकचक्र मिळाले. गावातल्या स्मारकासाठी सरकारने निधी मंजूर केला तो 2025 मध्ये.

कर्नल महाडिक यांच्या पत्नी स्वाती यांनी मात्र कोणाची वाट पाहिली नाही. पतीच्या निधनानंतर वयाची अट शिथिल करून घेऊन, दोन मुलांना मागे ठेवून त्या चेन्नईच्या अकादमीत दाखल झाल्या आणि सप्टेंबर 2017 मध्ये लेफ्टनंट झाल्या. सगळ्यांनाच हे जमणार नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणेही अन्यायाचे. बहुतेक घरांत तेराव्यानंतर सुरू होतात ती कागदपत्रे. सेवापुस्तकात नाव एक, आधारवर दुसरे. बँकेत जॉइंट खाते नाही. मदतीच्या रकमेवरून सासू-सुनेत अबोला. विशी-पंचविशीतली, शहराची सवय नसलेली मुलगी फाइल घेऊन एकटी एसटीने साताऱ्याला किंवा सांगलीला येते.

तेव्हा पुढच्या वेळी तो मेसेज आला तर पुढे पाठवण्याआधी एक करा. सातारा आणि सांगली, दोन्हीकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. सशस्त्र सेना ध्वजदिन दरवर्षी 7 डिसेंबरला असतो, त्याचा निधी तिथे वर्षभर स्वीकारतात. आणि तुमच्या गावात एखादी वीरपत्नी असेल, तर तिच्या पुढच्या खेपेला गाडी काढून तिच्यासोबत त्या कार्यालयात जा.